पिस्टनवरचे ओरखडे

घाट चढून आलेली जुनी स्कूटर एकाएकी अडते. मागचे चाक क्षणभर घासते आणि किक मारायला जावे तर ती खाली जातच नाही. 'इंजिन सीझ झालं' असे सांगून मेकॅनिक ब्लॉक उतरवतो आणि ओरखडे पडलेला पिस्टन आपल्या हातावर ठेवतो. पुढचे काम बहुधा ठरलेले असते. ब्लॉक बोअर करायचा आणि मोठ्या मापाचा पिस्टन घालायचा. काही दिवसांनी तोही अडकला, की मालक नशिबाला दोष देतो. वास्तविक, पहिल्या पिस्टनच्या अंगावरच बिघाडाचे कारण उमटलेले असते. ते वाचण्यासाठी मात्र या इंजिनाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

तेलाची जागा गेली कुठे?

स्कॉटलंडच्या डुगाल्ड क्लर्क यांनी १८८१ मध्ये पेटंट घेतलेल्या टू-स्ट्रोक इंजिनात वायूचे मिश्रण ढकलण्यासाठी एक वेगळा सिलिंडर होता. १८९० च्या सुमारास इंग्लंडमधील बाथ येथील जोसेफ डे यांनी तो काढून टाकला. पिस्टनखालची, क्रँक फिरते ती बंद पेटीच त्यांनी पंप म्हणून वापरली. पिस्टन वर गेला की पेटीत मिश्रण ओढले जाते. खाली आला की ते दाबले जाऊन सिलिंडरमध्ये चढते. डे यांच्या कारखान्यातील फ्रेडरिक कॉक यांनी पुढे आत घेण्याची झडपही अनावश्यक ठरवली. सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या पिस्टनच उघडू व झाकू लागला.

यामुळे इंजिन अत्यंत साधे आणि स्वस्त झाले. पण फोर-स्ट्रोक इंजिनात जिथे वंगणतेल साठवतात, ती जागाच आता पंप झाली होती. म्हणून पुढे तेल पेट्रोलमध्येच मिसळण्याची पद्धत रूढ झाली. जेवढे पेट्रोल आत जाईल, तेवढ्याच प्रमाणात तेल मिळणार. टू-स्ट्रोक स्कूटरच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ या एका वाक्यात आहे.

पोन्तेदेरा ते पुणे

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीला स्वस्त वाहन हवे होते. पोन्तेदेरा येथील पिआज्जिओ कंपनीसाठी विमान-अभियंता कोर्रादिनो दास्कानियो यांनी वेस्पा रचली. १९४६ मध्ये ती ९८ घनसेंटिमीटरच्या इंजिनासह बाजारात आली. इंजिन पत्र्याच्या आवरणाखाली असल्याने त्याला समोरचा वारा लागत नाही. म्हणून फ्लायव्हीलवरच पंख्याची पाती बसवून हवा सिलिंडरच्या पंखांवर सोडली गेली. भारतात १९६० च्या दशकाच्या आरंभी पुण्याच्या बजाज ऑटोने पिआज्जिओच्या सहकार्याने स्कूटर बनवायला घेतली आणि १९७२ मध्ये 'चेतक' आली. तिच्या इंजिनातील पिस्टनचा व्यास ५७ मि.मी. आणि त्याची धावही ५७ मि.मी. म्हणजे घनफळ सुमारे १४५ घनसेंटिमीटर. (विद्यार्थ्यांनी हे करून पाहावे.)

ओरखडे कसे वाचावेत?

पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, तर सिलिंडर बिडाचा. तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढले, तर ५७ मि.मी. व्यासाचे ॲल्युमिनियम सुमारे ०.१३ मि.मी. प्रसरण पावते, बीड मात्र जेमतेम ०.०६ मि.मी. शिवाय पिस्टन अधिक तापतो. दोहोंमधली फट ही अशी मिलिमीटरच्या अंशात मोजण्याची गोष्ट आहे. ती संपली आणि तेलाचा पापुद्रा तुटला, की धातूला धातू चिकटतो.

ओरखडे धूर बाहेर पडण्याच्या खिडकीच्या बाजूला असतील, तर उष्णता व वंगण यांकडे पाहावे, कारण तीच बाजू सर्वांत तापते. गजनपिनच्या आजूबाजूला, चार ठिकाणी ओरखडे असतील, तर फट कमी ठेवली गेली असावी किंवा थंड इंजिन एकदम पळवले असावे. पिनजवळ धातू जाड असल्याने तिथे प्रसरण जास्त होते. पिस्टनचा पृष्ठभाग सगळीकडे मंद करडा झाला असेल आणि रिंगा झिजल्या असतील, तर एअर फिल्टरमधून धूळ आत गेली आहे. माथ्याला भोक पडले असेल, तर ठिणगी वेळेआधी पडत होती का, हे तपासावे.

आता एक फसवा प्रकार पाहू. प्लगचे टोक पांढुरके आहे, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. मेकॅनिक कार्ब्युरेटर साफ करतो, पण दोष असतो क्रँकच्या झिजलेल्या ऑइल सीलमध्ये. पंपाच्या पेटीलाच गळती लागल्याने बाहेरची हवा आत येते. ही गळती तशीच ठेवून कितीही पिस्टन बदलले तरी व्यर्थ! काही जण भीतीने तेल वाढवतात. पण तेल वाढले, की जेटमधून जाणाऱ्या द्रवात पेट्रोल तेवढे कमी होते आणि मिश्रण आणखी विरळ बनते. तसेच लांबलचक उतारावर गिअरमध्ये, थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी सोडली, तर इंजिन वेगाने फिरते. पण पेट्रोल नाही, म्हणून तेलही नाही.

साधेपणाची किंमत

तेल जाळणारे इंजिन धूर सोडणारच. त्यातच धूर बाहेर जात असताना ताजे मिश्रण आत येत असल्याने त्याचा काही भाग न जळताच निसटतो. २००० नंतर उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले आणि या स्कूटरी मागे पडल्या. २०२० मध्ये 'चेतक' हे नाव परतले ते विजेच्या मोटारीसह. तिच्यात पिस्टनच नाही. ज्या युक्तीने स्कूटर मध्यमवर्गाच्या दारात आली, तिनेच अखेरीस तिला बाहेरचा रस्ता दाखवला.

जवळच्या गॅरेजमध्ये निकामी पिस्टन सहज मिळतील. दोन-तीन वर्गात आणावेत आणि कुठला कशाने गेला, ते विद्यार्थ्यांना ओळखायला सांगावे. प्रत्येक उत्तरापुढे एकच प्रश्न विचारावा: नवा पिस्टन घातल्यावर हे कारण नाहीसे होईल का?