बॉण्डपेपरवरची सोडचिठ्ठी आणि आपला हक्काचा पैसा

छत्रपती संभाजीनगर : नवरा-बायकोचे पटेनासे झाले की आपल्या वस्त्यांमध्ये आधी बैठक होते. दोन्हीकडची चार जाणती माणसे बसतात, एक रक्कम ठरते आणि ‘यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क राहिला नाही’ असे बॉण्डपेपरवर लिहून सह्या घेतल्या जातात. नोटरीचा शिक्का बसला की घटस्फोट झाला, असे सगळे धरून चालतात. तो झालेला नसतो.

बौद्धांना १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू आहे. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी आम्हालाही रास्त वाटते, पण आज खटला चालतो तो याच कायद्याने. त्यात रूढीप्रमाणे होणाऱ्या काडीमोडीला जागा आहे, मात्र ती रूढी सिद्ध करावी लागते. १९५६ साली जुन्या रूढी टाकून आलेल्या समाजाने ती कुठून आणायची?

अशा कागदात दोघेही फसतात. तिने पोटगी सोडल्याचे लिहून दिले असले तरी ती पुढे न्यायालयात मागता येते, हे तिला कुणी सांगत नाही. त्याने रोख दिलेल्या पैशाचा पुरावा नसतो. दोघे राजी असतील तर कौटुंबिक न्यायालयात संमतीने अर्ज करावा. त्याआधी वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. योग्य प्रकरणात ही सहा महिन्यांची मुदत माफ होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. रक्कम, दागिने, मुलांचा खर्च सगळे त्या अर्जात लिहावे आणि पैसे बँकेतूनच द्यावे-घ्यावे.

घटस्फोटात अर्धी इस्टेट मिळते, हा गैरसमज आहे. गोव्यातला नागरी कायदा वेगळा. आपल्याकडे नाव कुणाचे आणि पैसा कुणी भरला हेच पाहिले जाते. म्हणून कागद महत्त्वाचे. आपल्या शहरात गुंठेवारीतले कितीतरी प्लॉट नुसत्या बॉण्डवर घेतलेले आहेत. त्यांच्या हप्त्यांच्या पावत्या, घरपट्टी, वीजबिल यांच्या प्रती नातेवाइकाकडे ठेवा. लग्नातले दागिने आणि भेटी हे बाईचे स्त्रीधन आहे, सासरकडे ठेवायला दिले तरी मालकी तिचीच राहते. सराफाची बिले नसतील तर लग्नाचे फोटोही उपयोगी पडतात.

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल दिला. पोटगीच्या दाव्यात आता दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज शपथपत्रावर सांगावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. त्यामुळे वाद पेटताच प्लॉट भावाच्या नावे करणे किंवा खाते रिकामे करणे अंगलट येते. वाळूजच्या कंपनीत कामाला असलेल्याची पगारपत्रके आणि भविष्य निर्वाह निधी लपत नाही. आमचे म्हणणे नवऱ्यांनाही तेच आहे : खरे सांगा, कर्जाचे हप्तेही दाखवा, ते हिशेबात धरले जातात.

संयुक्त खात्यातून दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकत असेल, तर यापुढे दोघांच्या सहीशिवाय व्यवहार होऊ नये असे बँकेला लेखी कळवा व पोच घ्या. पगार स्वतःच्या खात्यावर वळवा. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आपला आहे ना, हे तपासा. यूपीआयचा पिन बदला. विमा आणि निधीतले वारसाचे नाव घटस्फोटाने आपोआप बदलत नाही.

सर्वात दुखरी जागा कर्जाची आहे. बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्समधून बाईच्या नावाने उचललेले पैसे नवऱ्याच्या गाडीला गेलेले असतात, तो निघून जातो आणि वसुलीवाला हिच्या दारात उभा राहतो. देणेकऱ्याला घटस्फोटाशी घेणे नसते. गृहकर्जावर सही असेल तर तेही दोघांचेच राहते. म्हणून आपल्या नावावर काय काय आहे हे सिबिल अहवालात पाहा, तो वर्षातून एकदा मोफत मिळतो. कर्जाचा पैसा कुणाच्या खात्यात गेला त्याचे विवरण काढून वकिलाला द्या, आणि बोलणी चालू असताना नव्या कागदावर सही करू नका.

दावा चालू असताना अंतरिम पोटगी आणि खटल्याचा खर्च मागता येतो. कमाई नसलेला नवराही तो मागू शकतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जातीच्या स्त्री-पुरुषांना तिथे उत्पन्नाची अट नाही. जाताना आधार कार्ड, जातीचा दाखला आणि विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र सोबत न्या. नोंदणी झालेली नसेल तर विहारातून मिळालेला विवाहाचा दाखला आणि लग्नपत्रिका न्या.