जेट-स्की म्हणजे जहाज का?

प्रश्न पोरकट वाटेल, पण इंग्लंडच्या अपील न्यायालयाला २००५ साली तो सोडवावा लागला. आदल्या वर्षी वेमथजवळच्या समुद्रात एकाची जेट-स्की दुसऱ्या, थांबलेल्या जेट-स्कीवर आदळली. तिच्यावरचा माणूस गंभीर जखमी झाला. खटला १९९५च्या मर्चंट शिपिंग कायद्याखाली भरला गेला. त्या कायद्यात जहाज म्हणजे नौकानयनासाठी वापरलेले जलयान. न्यायालयाने म्हटले, नौकानयन म्हणजे ठरवून केलेला प्रवास. पाण्यात मौजेने घिरट्या घालणे नव्हे. जेट-स्की जहाज ठरली नाही आणि शिक्षा रद्द झाली.

ही पळवाट बुजायला ३१ मार्च २०२३ उजाडावा लागला. आता बेदरकार चालकाला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तरीही लक्षात घ्या : ब्रिटनमध्ये मोटारीला १९०४पासून परवाना लागतो, १९३५पासून चाचणीही. समुद्रात हौसेने जेट-स्की चालवायला मात्र देशभर लागू असा परवाना आजही नाही. काही बंदरांचे स्वतःचे नियम आहेत, इतकेच. म्हणजे अपघातानंतर जाब विचारण्याची सोय झाली, आधी शिकून येण्याची सक्ती झाली नाही. येत्या उन्हाळ्यात किनाऱ्यावर जाल तेव्हा हँडल धरण्याआधी शिकून घेणे तुमच्यावरच आहे.