रेंडर फार्म
रेंडर फार्म म्हणजे त्रिमितीय दृश्ये आणि चित्रपटांतील दृक्परिणाम यांचे अंतिम चित्रण करण्यासाठी संगणक जाळ्यात जोडलेला संगणकांचा समूह होय. प्रत्येक संगणकावर पार्श्वभूमीत चालणारी एक सेवा काम स्वीकारते. या सेवांवर देखरेख ठेवणे आणि त्या बंद पडल्यास पुन्हा सुरू करणे हा फार्मच्या व्यवस्थापनाचा प्रमुख भाग असतो.

आवश्यकता
चित्रपटात प्रतिसेकंद साधारणतः २४ फ्रेम असतात. म्हणजेच ९० मिनिटांच्या चित्रपटात १,२९,६०० फ्रेम होतात. एका फ्रेमला एक तास लागतो असे मानल्यास एकाच संगणकाला ५,४०० दिवस, तर १०० संगणकांना ५४ दिवस लागतील. प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे तयार करता येत असल्याने अशी विभागणी शक्य होते. पिक्सारच्या 'टॉय स्टोरी' (१९९५) या चित्रपटासाठी सन मायक्रोसिस्टिम्सचे ११७ संगणक वापरले गेले होते.

रचना
फार्ममध्ये सामान्यतः तीन घटक असतात. व्यवस्थापक सेवा कामांची रांग सांभाळते, कामगार सेवा प्रत्यक्ष रेंडरिंग करते आणि निरीक्षक प्रणाली दोहोंची स्थिती दाखवते. ऑटोडेस्कच्या बॅकबर्नर प्रणालीत या घटकांना अनुक्रमे मॅनेजर, सर्व्हर आणि मॉनिटर म्हणतात. सोनी पिक्चर्स इमेजवर्क्स आणि गूगल यांनी २०१९ मध्ये मुक्त स्रोत म्हणून प्रसिद्ध केलेल्या ओपनक्यू प्रणालीत हीच कामे क्यूबॉट, आरक्यूडी आणि क्यूजीयूआय करतात.

देखरेख
कामगार सेवा ठरावीक अंतराने व्यवस्थापकाला आपण कार्यरत असल्याचा संदेश पाठवते. तो न आल्यास संगणक अनुपलब्ध मानून त्याची फ्रेम दुसऱ्या संगणकाला दिली जाते. मात्र सेवा सुरू असणे म्हणजे काम होत असणे नव्हे. स्मृती अपुरी पडल्याने किंवा सामायिक साठवण न सापडल्याने रेंडरिंग अडकले, तरी संदेश येतच राहतो. त्यामुळे फ्रेमला लागलेला वेळ, प्रक्रियकाचा वापर, मोकळी जागा आणि नोंदवही यांवरही लक्ष ठेवावे लागते. प्रत्येक काम क्षणार्धात अयशस्वी करणारा सदोष संगणक लगेच मोकळा होत असल्याने रांगेतील पुढची कामे ओढून घेतो व अल्पावधीत संपूर्ण रांग बिघडवू शकतो. म्हणून ठरावीक अपयशांनंतर असा संगणक आपोआप वगळण्याची सोय अनेक प्रणालींत असते.

सेवा पुन्हा सुरू करणे
लिनक्सवर सिस्टमडी आणि विंडोजवर सेवा व्यवस्थापक बंद पडलेली सेवा आपोआप सुरू करू शकतात. सिस्टमडीच्या मूळ मांडणीनुसार १० सेकंदांत ५ प्रयत्न झाल्यावर पुढील प्रयत्न थांबतात. त्यामुळे निरर्थक पुनरारंभाचे चक्र टळते. संपूर्ण फार्म बंद पडल्यास प्रथम सामायिक साठवण व परवाना सर्व्हर, नंतर व्यवस्थापक आणि शेवटी कामगार सेवा असा क्रम सोयीचा ठरतो. नियोजित दुरुस्तीपूर्वी संगणकाला नवे काम देणे थांबवून चालू फ्रेम पूर्ण होऊ दिली जाते.

विंडोजवर वापरकर्त्याने अक्षर देऊन जोडलेली जाळ्यावरील ड्राइव्ह त्याच्या लॉगिन सत्रापुरती मर्यादित असते. परिणामी हाताने चालवलेले रेंडरिंग यशस्वी होते, पण तेच काम पार्श्वसेवेला जमत नाही. सेवेला योग्य अधिकारांचे खाते देणे आणि संपूर्ण जाळेपथ वापरणे हा त्यावरील उपाय आहे.

अपूर्ण फ्रेम
सेवा मध्येच थांबल्यास अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहू शकते. 'अस्तित्वात असलेल्या फ्रेम वगळा' हा पर्याय निवडलेला असल्यास ती पूर्ण समजली जाते आणि दोष थेट अंतिम चित्रफितीत दिसतो. ब्लेंडरमध्ये काम सुरू होताच रिकामी जागाधारक फाइल तयार करण्याचा पर्याय आहे. संगणक बंद पडल्यास अशी शून्य आकाराची फाइल तशीच राहते व इतर संगणक ती फ्रेम टाळतात. म्हणून पुनरारंभानंतर फाइलींची संख्या व आकार तपासणे आवश्यक ठरते.

हेही पहा
संगणक जाळे
समांतर संगणन
ब्लेंडर