नाणेघाटाची बैलवाट

श्रींच्या कृपेने आणि ग्रामस्थ व उदार देणगीदार यांच्या सहकार्याने आपल्या देवळाचा जीर्णोद्धार पूर्ण झाला. जोत्याचे काम चालू असताना घाटातील जुने रचीव दगड आणावेत, म्हणजे खर्च वाचेल, अशी सूचना पुढे आली होती. वडीलधाऱ्या मंडळींनी तिला नकार दिला. तो का दिला, हे तरुण पिढीला कळावे म्हणून हा लेखप्रपंच.

आपल्या घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारा नाणेघाट सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही वाहता होता. सोपारा व कल्याण बंदरांतील माल वैशाखऱ्यावरून घाट चढून जुन्नरास येई व पुढे पैठणकडे जाई. वाटेच्या राखणीस जीवधन, चावंड, हडसर हे किल्ले उभे आहेत. माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या हजारो गाईंची मोजदाद त्यात कोरलेली आहे. जवळचा मोठा दगडी रांजण जकातीचा, असे आपण वाडवडिलांपासून ऐकत आलो.

सह्याद्रीच्या अशा अवघड घाटांत गाडी चालत नसे. माल चढे तो बैलांच्या पाठीवर. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे कोकणचे मीठ वर आणीत व देशावरचे धान्य खाली नेत. पाठीवर दोहो बाजूंस गोण्या, गळ्यात घुंगरे आणि एकामागे एक बैल, अशी ती रांग चाले. ओझ्याचा बैल उभा चढ चढत नाही, म्हणून वाट वळणे घेते. चढ फार तेथे दगड रचून पायऱ्या केल्या आहेत आणि वाटसरूंसाठी कातळात पाण्याची टाकी खोदली आहेत. या खुणा पाहिल्या की जुनी वाट ओळखता येते.

पुढे सन १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला. १८६३ मध्ये त्याच घाटातून व १८६५ मध्ये थळघाटातून आगगाडी धावू लागली. माल तिकडे वळला आणि तांड्यांचा धंदा बसला. इतकेच नव्हे, तर इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याखाली पुढे ठिकठिकाणी लमाणांवर गुन्हेगार जमात असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

राणीचा लेख लेण्यात आहे. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या मीठ वाहिले, त्यांचे नाव मात्र कोठेही कोरलेले नाही. पायांनी व खुरांनी झिजून गुळगुळीत झालेले हे दगड हाच त्यांचा लेख. देवाच्या कामासाठीसुद्धा तो पुसू नये, असे वडिलांचे म्हणणे होते.

तरी सर्वांस नम्र विनंती की, घाटातील एकही दगड हलवू नये, टाक्यांतील गाळ दरसाल उन्हाळ्यात काढावा आणि देवळाइतकीच ही वाटही आपली मानावी. हीच सद्बुद्धी सर्वांस लाभो, अशी श्रीचरणी प्रार्थना.