काळा विंचू आणि बिनशर्त फेलोशिप

१/ माणूस बोलतो तेव्हा नेमके काय घडते, हे शोधायला एका शास्त्रज्ञाला २३ वर्षे लागली. त्यातून आलेल्या पुस्तकाने मोठा वाद पेटवला. या वादातील दोन्ही बाजू एकाच निधीवर पोसल्या गेल्या होत्या. ही कथा त्या निधीची. #थ्रेड

२/ अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३३ साली ‘सोसायटी ऑफ फेलोज’ ही संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी अध्यक्षपदावरून निवृत्त झालेल्या अ‍ॅबट लॉरेन्स लॉवेल यांनी तिच्यासाठी स्वतःची संपत्ती दिली. मात्र देणगीदार म्हणून आपले नाव जाहीर होऊ दिले नाही.

३/ निवडक तरुणांना ३ वर्षे निर्वाहवेतन मिळे. परीक्षा नाही, पदवीचे बंधन नाही, कोणता विषय घ्यावा याची सक्ती नाही. अट म्हणावी तर एवढीच, की दर सोमवारी रात्री ज्येष्ठ विद्वानांच्या पंक्तीला जेवायला बसायचे. पहिल्याच तुकडीत तर्कशास्त्रज्ञ क्वाइन होते आणि मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरही.

४/ स्किनर मूळचे इंग्रजी साहित्याचे पदवीधर. लेखक होण्याचा प्रयत्न फसल्यावर ते मानसशास्त्राकडे वळले. १९३१ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली आणि पुढची दोन वर्षे नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या फेलोशिपवर काढली. या काळात त्यांचे प्रयोग चालत ते उंदरांवर. भाषा अद्याप बरीच दूर होती.

५/ १९३४ साली सोसायटीच्या एका भोजनप्रसंगी त्यांच्या शेजारी थोर तत्त्वज्ञ आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड बसले होते. तिशीतले स्किनर त्यांना वर्तनवाद उत्साहाने समजावू लागले. माणसाच्या इतर वर्तनाचा उलगडा विज्ञान करू शकेल, हे व्हाइटहेड यांनी मान्य केले. अपवाद फक्त भाषेचा.

६/ मग त्यांनी आव्हान दिले : या मेजावर कोणताही काळा विंचू पडत नाही, असे मी आत्ता म्हणतो आहे, मी असे का म्हणालो, ते सांगा! समोर विंचू नाही, विंचवाचा विषयही नाही. मग हे वाक्य आले कोठून? दुसऱ्या दिवशी सकाळीच स्किनर यांनी भाषेवरील ग्रंथाचा आराखडा लिहायला घेतला.

७/ फेलोशिप १९३६ मध्ये संपली. प्रश्न मात्र सुटला नाही. मिनेसोटा विद्यापीठात शिकवताना त्यांनी शेक्सपिअरच्या सुनीतांतील अनुप्रास मोजले. शब्द जाणीवपूर्वक निवडलेले असतात की एक ध्वनी दुसऱ्याला ओढून आणतो, हे त्यांना तपासायचे होते. मग महायुद्ध आले आणि ते क्षेपणास्त्राला दिशा देण्यासाठी कबुतरांना शिकवू लागले.

८/ युद्धामुळे लांबलेली गुगेनहाइम फेलोशिप त्यांनी १९४४-४५ मध्ये घेतली आणि हस्तलिखिताचा मोठा भाग पूर्ण केला. १९४७ मध्ये हार्वर्डच्या विल्यम जेम्स व्याख्यानमालेचा मान मिळाला. व्याख्यानांच्या चक्रमुद्रित प्रती हातोहात फिरल्या. ‘व्हर्बल बिहेवियर’ हा ग्रंथ छापून आला तो १९५७ साली.

९/ ग्रंथाचा गाभा असा : शब्दाचा केवळ अर्थ पाहू नका, तो कशामुळे उच्चारला गेला आणि ऐकणाऱ्याने त्याला काय प्रतिसाद दिला, ते पाहा. तहानलेले मूल ‘पाणी’ म्हणते, ती मागणी. स्किनर यांच्या परिभाषेत ‘मॅण्ड’. नदी पाहून ‘पाणी’ म्हणते, तो ‘टॅक्ट’. शब्द एकच, पण कारण वेगळे, म्हणून वर्तनही वेगळे.

१०/ १९५९ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात तिशीच्या नोम चॉम्स्की यांनी ग्रंथाचे तेहतीस पानी परीक्षण केले. उद्दीपक, प्रबलन या संज्ञांना प्रयोगशाळेत नेमका अर्थ असतो. माणसाच्या बोलण्याला लावल्या की त्यांची केवळ रूपके होतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप. ग्रंथापेक्षा हे परीक्षणच अधिक गाजले.

११/ आणि हे चॉम्स्की कोण? १९५१ ते १९५५ या काळातील त्याच सोसायटीचे फेलो! भाषेच्या रचनेचा आपला सिद्धान्त त्यांनी त्याच निर्वाहवेतनावर उभारला. पुढे १९५७ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ला अमेरिकी भूदल, हवाईदल व नौदल यांच्याही निधीचे साहाय्य होते. भाषासंशोधनात आता सरकारी पैसा येऊ लागला होता.

१२/ स्किनर यांनी परीक्षणाला सविस्तर उत्तर दिले नाही. ते काम मिनेसोटाचे प्राध्यापक केनेथ मॅककॉर्कोडेल यांनी १९७० मध्ये केले. पुढे १९८२ पासून या विषयाला वाहिलेले स्वतंत्र नियतकालिकही निघू लागले. आज ‘मॅण्ड’ आणि ‘टॅक्ट’ या संज्ञा स्वमग्न मुलांना बोलायला शिकवणाऱ्यांच्या रोजच्या वापरात आहेत.

१३/ लॉवेल यांच्या निधीने कोणत्या सिद्धान्ताची बाजू घेतली? कोणत्याच नाही. तीन वर्षांत निष्कर्ष हवाच, असा आग्रह असता तर १९३६ मध्ये स्किनर यांच्यापाशी भाषेविषयी दाखवण्याजोगे फारसे काही नव्हते. आणि संस्थेच्या जुन्या फेलोचे मतच प्रमाण मानायचे असते, तर चॉम्स्की यांना तेथे जागा मिळाली नसती.

१४/ व्हाइटहेड यांच्या प्रश्नाला स्किनर यांनी ग्रंथाच्या अखेरीस उत्तर दिले. त्या रात्री समोर विंचू नव्हता, पण वर्तनवाद होता. कदाचित व्हाइटहेड यांना तोच काळ्या विंचवासारखा वाटला असेल आणि म्हणून ते वाक्य तोंडी आले असेल. हे उत्तर छापून आले तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याला जाऊन १० वर्षे होत आली होती.