अंगणवाडी : एका शब्दाचा आणि पालकांच्या शिक्षिकेचा प्रवास

काही शब्द इतके सरकारी होऊन जातात की कुणा एका व्यक्तीने, एका गावात, एका अडचणीपायी ते घडवले होते याचा आपल्याला विसर पडतो. 'अंगणवाडी' हा त्यांपैकी एक. आज तो उच्चारला की डोळ्यांपुढे येते ती एक खोली, वजनकाटा, खिचडीचे पातेले आणि रजिस्टरांची चळत. शब्दातले अंगण कुठे गेले, असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आम्हांला मात्र त्या अंगणात उभ्या असलेल्या बाईविषयी कुतूहल आहे. मुलांना शिकवणारी म्हणून तिची नोंद होते, पण तिचे निम्मे काम मुलांच्या आईबापांशी असते. मग आईबापांना शिकवणाऱ्या या बाईला कोणी आणि कसे शिकवले? मराठीपुरता या प्रश्नाचा इतिहास फार लांबचा नाही. तो भावनगरहून दादरला, दादरहून बोर्डीला आणि तेथून कोसबाडच्या टेकडीवर जातो.

प्रारंभ गिजुभाई बधेकांपासून करावा लागतो. गिजुभाई पेशाने वकील. १९१३ साली मुलगा झाला आणि त्याला वाढवायचे कसे या विवंचनेतून ते बालशिक्षणाकडे वळले, म्हणजे शिक्षक होण्याआधी ते चिंतातुर पालक होते. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले, १९२० मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर काढले आणि १९२५ मध्ये शिक्षक तयार करणारे अध्यापन मंदिर. लोक त्यांना 'मूछाळी मा', मिशांची आई, म्हणत. 'मा-बाप थवुं आकरुं छे' हे त्यांच्या एका पुस्तकाचे नाव. आईबाप होणे अवघड आहे, असा त्याचा अर्थ. एरवी आईबापपण हे निसर्गदत्त आणि म्हणून न शिकता येणारे मानले जाई. ते अवघड आहे असे म्हणणे म्हणजे ते शिकता येते असेही म्हणणे होते. गिजुभाई आईबापांशी प्रेमाने बोलतात, पण प्रसंगी चांगले फटकारतातही. मारणे, धाक घालणे, लालूच दाखवणे यांविषयी त्यांचा सूर वकिलाच्या उलटतपासणीसारखा होतो. एक मात्र लक्षात ठेवायला हवे : हे सारे वाचता येणाऱ्या पालकांसाठी होते.

ताराबाई मोडक या परंपरेत आल्या त्या राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापक विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून. जन्म १८९२ चा, मुंबईतल्या प्रार्थनासमाजी केळकर घराण्यातला. १९१४ साली पदवी. विवाह झाला, मुलगी झाली, आणि १९२१ मध्ये पतीपासून वेगळे होऊन लहानग्या मुलीसह त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. त्यांच्या चरित्रात हा भाग बहुधा एका वाक्यात उरकला जातो. आम्हांला तो महत्त्वाचा वाटतो. पुढे हजारो घरांना संगोपनाविषयी चार गोष्टी सांगणारी ही बाई स्वतः 'आदर्श कुटुंबा'च्या चौकटीबाहेर होती. घर मोडूनही मूल नीट वाढू शकते, हे तिला ग्रंथांतून शिकावे लागले नव्हते.

१९२६ मध्ये गिजुभाईंसोबत नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाची गुजराती 'शिक्षणपत्रिका' होतीच. १९३३ पासून ताराबाई ती मराठीतही काढू लागल्या. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले. त्या काळचे दादर म्हणजे नोकरदार, शिकलेल्या मराठी मध्यमवर्गाची नवी वस्ती. तेथल्या आईच्या हाती मासिक दिले की पुरे. ती वाचणार, नवऱ्याशी वाद घालणार, जमल्यास शाळेत येऊन शिक्षिकेला प्रश्न विचारणार. पालकशिक्षण हा तेथे मुख्यतः गद्याचा प्रश्न होता : सोपे, घरगुती, उपदेशाचा वास न येणारे गद्य कसे लिहावे एवढाच. मराठी निबंधाचा इतिहास शिकवताना आपण या मजकुराकडे ढुंकूनही पाहत नाही, ही आपली उणीव.

हे सारे सुरळीत चालू असता ताराबाईंनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ते मागे टाकले. गांधीजींनी तुरुंगातून सुटल्यावर नई तालीमची कल्पना विस्तारली होती आणि सात वर्षांखालील मूल व त्याची आई यांचा तीत समावेश केला होता. माँटेसरीचे महागडे साहित्य भारतातल्या खेड्यात चालणार नाही, हे उघड होते. डिसेंबर १९४५ मध्ये ताराबाईंनी त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. सोबत होत्या अनुताई वाघ. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. १९२९ मध्ये त्या पुण्याच्या अध्यापिका विद्यालयातून शिकून बाहेर पडल्या, चांदवडकडे आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत शिकवत राहिल्या. नोकरी करता करता रात्रीच्या शाळेतून मॅट्रिक झाल्या. ताराबाईंची भेट १९४५ सालच्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात झाली, तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या.

बोर्डीला त्यांच्या पहिल्याच गृहीतकाला तडा गेला. बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यातली मुले येईनात. मग या दोघी वाड्यात जाऊ लागल्या. तेथेच अंगणात मुलांना आंघोळी घालायच्या, केस विंचरायचे, नखे कापायची, गाणी म्हणायची, शंखशिंपले, बिया, काड्या, पाने घेऊन खेळ मांडायचे. अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी. शाळेने मुलाच्या दारी जायचे, हा या शब्दाचा मूळ आशय.

पालकशिक्षणाच्या दृष्टीने येथे काय घडले ते जरा थांबून पाहण्यासारखे आहे. मासिक येथे निरुपयोगी होते. व्याख्यानही निरुपयोगी, कारण मजुरीवरून परतलेल्या आईने ते कधी ऐकायचे? उरली ती कृती, आणि तीही आईच्या डोळ्यांदेखत. सवर्ण घरातल्या दोन बायका आपल्या मुलाच्या अंगाला हात लावतात, त्याला न्हाऊ घालतात, हे १९४५ च्या खेड्यात पाहणाऱ्या आईला काय वाटले असेल, याची कल्पना करणेच आपल्या हाती आहे. पण शिकणाऱ्या त्या आयाच होत्या असे मानणे एकांगी ठरेल. आधी कमावलेली सारी विद्या बाजूला ठेवून नव्याने उमेदवारी करणाऱ्या या दोघीही शिकतच होत्या.

१९५७ मध्ये केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आता समोर वारली पाडे होते. येथेही मुले येत नव्हती. कारण मात्र वेगळे होते आणि ते घरोघर फिरल्यावाचून समजणारे नव्हते. मुलगे गुरे राखत, मुली धाकट्या भावंडांना सांभाळत. आईबापांना शिक्षणाचे महत्त्व पटवून देणारे भाषण करण्याऐवजी अनुताई व ताराबाईंनी शाळेचाच आकार बदलला. गुरे जेथे चरतात तेथे 'कुरणशाळा' भरवली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून 'विकासवाडी' केली, म्हणजे धाकटे भावंड पाळण्यात आणि थोरली बहीण वर्गात. पालक चुकतो आहे, असे म्हणण्यापूर्वी त्याच्या दिवसाचा हिशेब मांडायचा, ही त्या कामाची पद्धत होती. खेड्यापाड्यांतून शिकायला येणाऱ्या बालवाडी शिक्षिकांना पुस्तकापेक्षा हीच पद्धत पाहायला मिळत असली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

जाता जाता एक गोष्ट. ज्या १९४५ साली बोर्डीचे केंद्र उघडले, त्याच साली जवळच्या उंबरगाव-तलासरी भागात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. 'जेव्हा माणूस जागा होतो' आपल्या अभ्यासक्रमांत असते, कोसबाडचे लेखन नसते. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला हवे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराच्या घरी राबणाऱ्या बापाला संगोपनाचे पाठ देण्यात काय अर्थ, हा प्रश्न पहिले पुस्तक उभा करते; तो बाप सुटेपर्यंत त्याच्या मुलाने थांबायचे का, हा उलट प्रश्न कोसबाडच्या कामातून उभा राहतो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द अखिल भारतीय झाला. आज मंजूर अंगणवाड्यांची संख्या १४ लाखांच्या घरात आहे. या विस्ताराचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. एवढ्या मुलांपर्यंत ताराबाई कधीच पोहोचल्या नसत्या. परंतु शब्दाची दिशा उलटली. आता मूल केंद्रात येते, आणि ते कुठल्या अंगणातून आले हे रजिस्टरातल्या एका रकान्यात मावते. योजनेच्या सहा सेवांपैकी एक आहे 'आरोग्य व पोषण शिक्षण', १५ ते ४५ वयाच्या स्त्रियांसाठी. पालकशिक्षण येथे संदेश पोहोचवण्याचे काम झाले आणि सेविका त्याची वाहक.

तिच्या स्वतःच्या शिक्षणाचा विचार झालाच नाही असे नव्हे. २०१८ च्या पोषण अभियानात २१ घटकांचे टप्प्याटप्प्याने शिकायचे साहित्य आले, त्यात गृहभेटींना महत्त्व होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा आणि इतरांना एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला, तोही दूरस्थ पद्धतीने, दूरचित्रवाहिन्या व मोबाइलच्या आधारे. अंगणात आईशेजारी बसण्याची कला पडद्यावरून कितपत शिकता येईल, याची आम्हांला शंका आहे. शिवाय शिकून तिला मिळणार काय? ती 'मानसेवी', तिला मिळते ते मानधन. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, तरी तिचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते २०२२ साली, गुजरातमधल्या सेविकांच्या खटल्यात. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले नादुरुस्त मोबाइल परत केले, तेव्हा त्यांच्या तक्रारींत हेही होते की ज्या अ‍ॅपवर नोंदी करायच्या ते मराठीत नाही.

गावात मात्र तिला सेविका कुणी म्हणत नाही. बाई म्हणतात, ताई म्हणतात. ताराबाईंतली बाई आणि अनुताईंतली ताई अशा व्यवहारात टिकून आहेत. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' आणि 'शिक्षणपत्रिके'चे जुने अंक जुन्या ग्रंथालयांच्या कपाटांत शोधायला हवेत. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी विषय विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही यंदा हेच सुचवणार आहोत : अंक क्रमाने लावा, आणि पालकांना उद्देशून लिहिताना संपादकांनी 'तुम्ही' कोठे वापरले आणि 'आपण' कोठे, एवढे आधी नोंदवा.