खताचे मक्तेदार

मिरजगाव हे कर्जत तालुक्यातील, नगर-सोलापूर रस्त्यावरचे गाव. हा सारा मुलूख पर्जन्यछायेतला. येथला शेतकरी मुख्यतः रब्बीच्या ज्वारीवर विसंबून राहणारा. ज्वारी काढून, मळणी होऊन कडबा रचला गेला की मृगापर्यंत रान मोकळे पडते. अशा मोकळ्या रानात सायंकाळी मेंढरांचा कळप येतो, दोरीच्या जाळीची वाघर खुंट्यांवर ताणली जाते, आणि रात्रभर मेंढरे तेथेच बसतात. दुसऱ्या रात्री वाघर शेजारच्या पट्ट्यात सरकते. असे करता करता सारे वावर खतून निघते. आज आपण या बसविण्याचा इतिहास पाहणार आहोत. कारण आमच्या मते शेतात खत पसरून देण्याचा हा आपल्याकडील सर्वांत जुना मक्ता आहे.

मक्ता हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. गावगाड्याच्या बारा बलुतेदारांत मेंढपाळाची गणना नाही. सुतार-लोहारांना बलुते ठरलेले, कामही ठरलेले. पिढ्यान्‌पिढ्या ते एका गावाशी बांधलेले. मेंढपाळ मात्र दर हंगामी नवा सौदा करी. मेंढरे किती, रात्री किती, आणि त्याबद्दल धान्य किती, हे बांधावर उभे राहून ठरे. सौदा पटला नाही तर कळप पुढच्या शिवारात जाई. दिवाळीनंतर देशावरचे कित्येक धनगर घाट उतरून कोकणात जात. तेथे भाताची खाचरे खतवून मोबदल्यात भात घेत, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी माघारी येत. घोड्यावर बिऱ्हाड, पुढे कळप, मागे कुत्री, असा तो प्रवास असे.

आता इंग्लंडकडे पाहा. तेथील नॉरफोक परगण्यात मध्ययुगात पुष्कळ ठिकाणी कुळांना आपल्या मेंढ्या रात्री जमीनदाराच्या वाड्यात कोंडाव्या लागत. मेंढी कुळाची, पण खत धन्याच्या जमिनीला. तेथे जो हक्क होता, तो येथे व्यवहार होता. आमच्या मेंढपाळाजवळ वीतभर जमीन नसेल, पण विकण्याजोगी वस्तू त्याच्याजवळ होती, आणि तिची किंमत सांगण्यास तो मोकळा होता. या गोष्टीचे महत्त्व आम्हांस फार वाटते.

आणि ती वस्तू सामान्य नव्हती. शेणखतात नत्र शेकडा अर्धा असतो. मेंढीच्या लेंडीखतात तो शेकडा तीनपर्यंत जातो. शिवाय गोठ्यातले मूत्र बहुतेक वाया जाते, तर वाघरीतले जागच्या जागी मातीत मुरते. उकिरडा भरणे, गाडी जुंपणे, ढीग टाकणे, तो फोकणे, ही सारी मजुरी वाचते. मागाहून कुळवाची हलकी पाळी घातली की काम पुरे. गाईम्हशींच्या शेणाच्या गोवऱ्या होऊन ते चुलीत जाते, ही तक्रार डॉक्टर व्होल्कर यांनी 1893 च्या आपल्या शेतीविषयक अहवालात केलीच आहे. लेंडी मात्र जेथे पडते, त्या शेतातच राहते.

मग या मक्त्याची नोंद इतिहासात का सापडत नाही? कारण उघड आहे. 1836 साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांची जमीनमोजणी लागू झाली आणि पुढे ती पद्धत दख्खनभर पसरली. जमिनीला नंबर मिळाला, शेतकऱ्याला खाते मिळाले. सावकाराचे कर्जरोखे झाले. ते जाळण्यासाठी 1875 साली सुप्याला आणि नगर जिल्ह्यातही दंगे उसळले. मात्र बांधावरच्या तोंडी कराराला ना नंबर, ना खाते, ना रोखा. 1878 च्या जंगल कायद्याने चराईची राने बंद होऊ लागली, तेव्हा नुकसान कोणाचे झाले हे दाखविण्यास मेंढपाळाजवळ कागद नव्हता. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या खात्यावर कोरडे ओढले, ते त्यामुळेच मोलाचे.

मिरजगावाहून फार दूर नसलेल्या चौंडीस 1725 साली धनगर कुळात अहिल्याबाईंचा जन्म झाला. 2024 साली जिल्ह्यास त्यांचे नाव मिळाले, हे योग्यच झाले. पण त्यांच्या घाटांचा व देवळांचा इतिहास आपण जितका जाणतो, तितका त्यांच्या समाजाने खतविलेल्या रानांचा जाणत नाही.

पुढे गोणी आली. 1951 साली सिंद्रीचा कारखाना सुरू झाला. 1965 च्या सुमारास तुर्भ्याचा. याच जिल्ह्यात 1950 साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना निघाला होता. उसाला खत भरपूर लागे. गोणीवर आम्ही राग धरीत नाही. हिशेबच करू. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे 20 किलो नत्र असतो. तेवढ्यासाठी शेणखत चार टन लागेल, लेंडीखत सुमारे सात क्विंटल. गोणी एक माणूस खांद्यावरून नेतो आणि सकाळी फोकून मोकळा होतो. ती जिंकली यात नवल नाही. पण गोणीने नत्र दिला. मातीचा कस धरून ठेवणारा सेंद्रिय अंश तिने दिला नाही. पाण्याची जोड मिळाली तेथे वावर बारमाही झाले, आणि मेंढरे बसविण्यास मोकळे रान उरेनासे झाले.

तरी मक्ता मोडलेला नाही. आजही कळप बसतात; धान्याऐवजी बहुधा रोख पैसे मिळतात, एवढेच. मेंढरांच्या खताची आठवण शेतकऱ्यांना आहे आणि मागणीही आहे. अडचण आहे ती दिवसाची. रात्री बसविण्यास जो शेतकरी कळपाला बोलावतो, त्याच्याच गावात दिवसा चरण्यास गायरान राहिलेले नसते. बांधावर शिरले की भांडण. ज्या मेंढीला दिवसा चरू द्यावयाचे नाही, तिच्याकडून रात्री खत कसे मिळावे? गायरानाचा प्रश्न आपण मेंढपाळाचा म्हणून बाजूस ठेवतो. तो आपल्या वावराचाही आहे. ग्रामसभेत गायरानाची चर्चा निघेल, तेव्हा शेतकऱ्याने मेंढपाळाच्या बाजूस बसावे, एवढीच आमची विनंती आहे.